चार बोटं खाली सरका

चाळीस वर्षं मी पोरांना बाकावर उभं केलं. बापू सुतारांनी मला पहिल्याच भेटीत आडवं केलं.

कोल्हापूरचा माणूस असं काही बोलला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच लाल माती येते. तसलं काही नाही. मी गणिताचा मास्तर, वजन पंचावन्न किलो, त्यात मिशीचंच पाव किलो असेल. निवृत्त झाल्यावर घरी बसलो तर बायको शेंगा सोलायला बसवते, म्हणून राजारामपुरीतल्या एका क्लासात भूमिती शिकवतो. अडीच वर्षांपूर्वी आम्ही या गल्लीत राहायला आलो आणि त्याच आठवड्यात मला प्रश्नपत्रिकेसाठी आकृत्या काढून हव्या होत्या. कोपऱ्यावरचा दूधवाला म्हणाला, "समोरच्या बापूंच्याकडं जावा की. कंप्युटरवर असल्या आकृत्या काढत्यात, तुमी बघतच बसशीला." बापू कोणत्या अवस्थेत आहेत, हे त्यानं सांगितलं नाही. गल्लीत सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट नव्या माणसाला सांगायची पद्धत आमच्याकडे नाही.

दारात चपला काढल्या तोच आतून आवाज आला. "डावी उताणी पडलीया. सरळ करा."

आत बघितलं तर कुणी दिसेना. गुपचूप चप्पल सरळ केली आणि आत गेलो. दहा बाय नऊची खोली. दोन लोखंडी खाटा, दोन्हींमध्ये वीतभर जागा. उजवीकडच्या खाटेवर एक गृहस्थ छातीपर्यंत चादर घेऊन उताणे पडलेले, आणि त्यांच्या तोंडावर दीड फुटावर कंप्युटरचा पडदा उपडा लटकलेला. आजूबाजूला वायरी, दोऱ्या आणि मोटारसायकलचे दोन आरसे. मी खुर्ची शोधायला लागलो.

"बसायला काय न्हाय. आडवं व्हा."

"उभ्या उभ्याच सांगतो," मी म्हणालो. "दोन मिनिटांचं काम आहे."

"उभ्या माणसासंगं मी बोलत न्हाय."

मला राग आला. मला तो लवकर येतो, घरची मंडळी सांगतील. असा कोण लागून गेला हा? पण तेवढ्यात स्वयंपाकघरातून एका बाईचा आवाज आला, "व्हा की वो आडवं! नगरसेवकाला बी झोपवलंय त्येनं." नगरसेवक जिथे झोपला तिथे मास्तरानं काय ताठ राहायचं? मी डावीकडच्या खाटेवर आडवा झालो. चष्मा डोळ्यावर, पिशवी पोटावर, पाय जोडलेले. वर एक आरसा होता, त्यात मला उशीचा एक कोपरा दिसत होता.

"मला तुमची नुसती मिशी दिसालीया," आवाज म्हणाला. "खाली सरका. चार बोटं."

मी सरकलो. माझे पाय खाटेच्या गजांतून बाहेर गेले.

"आलं का तोंड?"

आरशात एक रुंद, सावळा, दोन दिवसांची दाढी वाढलेला चेहरा आला. डोळे मिश्कील. "आलं," मी म्हणालो.

"हां. आता बोला."

असे हे बापू. बापू पॅटर्नमेकर होते. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात. उद्यमनगरात बापूंच्या हाताला तोड नव्हती. अकरा वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या माळ्यावर जुना पॅटर्न काढायला चढले आणि पॅटर्नसकट खाली आले. पॅटर्नला काही झालं नाही, हे ते अजून अभिमानानं सांगतात. बापूंचे मात्र पाय गेले, डावा हात कोपरापुरता उरला, उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं शाबूत राहिली. मान वळत नाही. म्हणून ते आरसे. एक दाराकडे रोखलेला, एक शेजारच्या खाटेकडे. दोन्ही त्यांच्याच मोटारसायकलचे. गाडी दिली, आरसे ठेवून घेतले.

आडवं करण्यामागचं कारण त्यांनी मला दुसऱ्या भेटीत सांगितलं. "मास्तर, उताण्या माणसाला जगात काय दिसतंय? नाकपुड्या. जो येतोय तो वर उभा ऱ्हातोय आन् खाली वाकून ‘काय बापू, बरं हाय न्हवं?’ म्हणतोय. मला नुसत्या नाकपुड्या. डॉक्टरांच्या नाकात केस हायती. जावयाचं नाक आतनं वाकडं हाय. लग्नात मी उभा हुतो, त्यामुळं दिसलं न्हाय."

मी हसलो. हसताना पोटावरची पिशवी पडली.

कंप्युटरची कथा त्याहून मोठी. पहिल्यांदा त्यांच्या लेकीनं, उज्ज्वलानं, पुण्याहून लॅपटॉप पाठवला. तो छातीवर ठेवला. दहा मिनिटांत छाती भाजायला लागली आणि खोकला आल्यावर लॅपटॉप घसरून सरळ नाकावर. "तवापास्नं माझं बी नाक वाकडं हाय," बापू सांगायचे, "जावयाला बोलायची सोय ऱ्हायली न्हाय." मग त्यांचे जुने दोस्त इस्माईल मिस्त्री, वेल्डिंगवाले, त्यांनी अँगलची चौकट करून खाटेवर उभी केली. इतकी भक्कम, की तिच्यावर पाण्याची टाकी बसली असती. बापूंना रोज सकाळी डोळे उघडले की फाशीचा हुकूम आल्यासारखं वाटायचं. ती काढली. मग सलाईनचा स्टँड आणला. पंखा लावला की पडदा गोल फिरायचा आणि बापूंना एक ओळ वाचून पुढची ओळ यायची वाट बघावी लागायची.

शेवटी पडल्या पडल्या त्यांना आठवलं, की पूर्वी दाढ काढायला गेलो होतो तेव्हा दातांच्या डॉक्टरांचा दिवा होता, तो जिथे सोडाल तिथे थांबायचा. "इस्माईल," त्यांनी हुकूम सोडला, "राजारामपुरीत दातांचे डॉक्टर लई हायत. कुणीतरी खुर्ची बदललीच असंल." इस्माईल मिस्त्री तीन दिवस दवाखान्यांच्या पायऱ्या चढले. चौथ्या दिवशी दिव्याचा तो वाकणारा हात घेऊन आले. त्यातल्या दोन ठिकाणी त्यांना दात बघायला खुर्चीवर बसवलंही होतं म्हणे. दिव्यापेक्षा पडदा जड, म्हणून हात मान टाकायला लागला. मग दुसऱ्या टोकाला वाण्याकडचं दोन किलोचं वजन टांगलं. तेव्हापासून पडदा बोटानं दोरी ओढली की येतो, सोडली की राहतो.

माऊसही साधा नाही. साधा माऊस हलवावा लागतो आणि बापूंचा हात हलत नाही. त्यांच्या माऊसच्या डोक्यावर लिंबाएवढा गोळा आहे, तो अंगठ्यानं फिरवायचा. माऊस जागेवर, बाण पडद्यावर पळतो. तळहाताखाली सागवानी बैठक. माप बापूंनी सांगितलं, रंधा इस्माईल मिस्त्रींनी मारला आणि सात वेळा शिव्या खाल्ल्या, कारण सात वेळा ती सूतभर चुकली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बापूंच्या घरात मीठसुद्धा सुताच्या हिशेबानं पडतं.

डाव्या कोपराखाली रिक्षाचा रबरी भोंगा बांधलाय. तो त्यांच्या बहिणीसाठी. सुमनताई विधवा, भावाचं सगळं त्या बघतात, आणि मघाशी स्वयंपाकघरातून ओरडल्या त्या त्याच. एक भोंगा म्हणजे पाणी, दोन म्हणजे कूस बदला, तीन म्हणजे गिऱ्हाईक आलंय, चहा टाक. सुमनताई आतून ताटलीवर पळी आपटून उत्तर देतात. एकदा आपटली तर ‘आले’, दोनदा आपटली तर ‘दम धर’. गल्लीत नव्यानं येणाऱ्याला वाटतं, घरात रिक्षा अडकलीय आणि कुणीतरी ती ठोकतंय.

एवढ्या सरंजामावर बापू फौंड्र्यांची ड्रॉइंग्ज काढतात. पूर्वी लाकडात कोरायचे ते आता पडद्यावर. पांढऱ्या शर्टातले कारखानदार येतात, बूट काढतात, मुकाट आडवे होतात, चार बोटं खाली सरकतात आणि मग कास्टिंगविषयी बोलतात. बोलताना त्यांचा आवाजसुद्धा खाली येतो. आडव्या माणसाला दरडावता येत नाही, हे मी स्वतः करून बघितलंय. भाजीवाली हिराबाई तर काही काम नसताना येते. सत्तरीची बाई, दुपारी टोपली दारात ठेवते, "बापू, जरा पाठ टेकते रं," म्हणते आणि दुसऱ्या मिनिटाला घोरायला लागते. ती असेपर्यंत बापू भोंगा वाजवत नाहीत. तहान लागली तरी.

माझं आणि त्यांचं वाजलंही. मी दिलेली आकृती बघून ते म्हणाले, "मास्तर, तुमचा त्रिकोण चुकलाय. ह्या तीन मापांचा त्रिकोण जुळतच न्हाय. दोन बाजू तिसरीला पुरंनात." चाळीस वर्षं भूमिती शिकवलेल्या माणसाला असं बोलायचं? मी तरातरा घरी आलो. घरी येऊन बघितलं तर पुस्तकातच छपाईत आकडा चुकला होता. म्हणजे चूक माझी नव्हती, पण त्रिकोण खरंच जुळत नव्हता. मी पंधरा दिवस त्यांच्याकडे गेलो नाही. सोळाव्या दिवशी गेलो, आडवा झालो, खाली सरकलो. बापू एवढंच म्हणाले, "मिशीचा रंग उतरलाय." संपलं भांडण.

एक गोष्ट मात्र मला छळायची. तो आरसा. खाटेवर उशी ठेवून कुणीही झोपलं तरी बापूंना त्याचं तोंड दिसायचं नाही. ज्याला त्याला खाली सरकावं लागायचं. इस्माईल मिस्त्री सहा फूट, त्यांचे पाय थेट उंबऱ्यापर्यंत जायचे आणि गल्लीतलं मांजर त्यांच्या तळव्याला पाठ घासायचं. मी किती वेळा म्हणालो, "बापू, एक नट ढिला करायचा, आरसा जरा वर करायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. सूतभर चूक खपत नाही तुम्हाला, आणि ही चार बोटांची?"

"आरसा बरोबर हाय," बापू म्हणायचे. "माणसं चुकीची येत्यात."

आता हट्टी माणसाशी किती डोकं लावायचं? मी सोडून दिलं.

गेल्या थंडीत बापूंच्या पाठीला जखम झाली. सतत पडून राहणाऱ्याला होते ती. सुमनताईंचेही गुडघे गेलेले, कूस बदलायला पूर्वीसारखं होत नाही. महिनाभर दवाखान्यात काढला. तिथे ना पडदा, ना आरसे, आणि वर नाकपुड्यांची रांग. बापू निम्मे होऊन परत आले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुढची जखम हाडापर्यंत गेली तर घरी परत येणं नाही. मोटारीनं वर-खाली होणारी खाट आणि हवेची गादी घ्या. उज्ज्वलानं पुण्याहून लगेच खाट ठरवली. अडचण एकच होती. नवी खाट जुनीपेक्षा रुंद. दोन खाटा आणि सुमनताईंना फिरायला दीड फुटाची वाट, एवढ्यात खोली आधीच संपत होती. त्यामुळे शेजारची खाट काढावी लागणार.

बापू म्हणाले, "मग नवी नको."

लेकीनं फोनवर समजावलं, रडली. नको. डॉक्टरांनी सांगितलं. नको. खाट सोमवारी यायची होती. शनिवारी सुमनताई आमच्या दारात आल्या. डोळे सुजलेले.

"मास्तर, तुमी चला. तुमचं ऐकंल त्यो."

"माझं कधी ऐकलंय त्यांनी?"

"न्हाय ऐकलं. पर तुमास्नी वरडता तर येतंय. आमास्नी त्येच्यापुढं आवाज फुटत न्हाय."

हा माझा गौरव समजून मी टेप घेऊन गेलो. आडवा झालो, सरकलो आणि सुरुवात केली. बापूंची कारणं तयार होती. गिऱ्हाईक झोपणार कुठं? मोटारीची खाट, लाईट गेली की माणूस अर्धवट उठलेला तसाच ऱ्हाणार. मी म्हणालो, तिला हँडल असतं. तर म्हणे हवेची गादी सूं सूं करतीया. मी म्हणालो, तुमच्या भोंग्यापेक्षा बरी. तर म्हणे असल्या खाटेवर पेशंट झोपत्यात, मी कामाचा माणूस हाय.

"आणि पाठ कुजली की कसलं काम?" माझा पारा चढला. "तिरडीवर गिऱ्हाईक झोपवणार आहात काय शेजारी?"

बोललो आणि जीभ चावली. पण थांबेल तर तो माझा राग कसला? मी ताडकन उठलो. "एवढी लाडकी आहे ना ही खाट? मग आधी हा आरसा तरी धड करतो!" म्हणून वरचा नट धरला.

भोंगा वाजला. एकदा नाही, दोनदा नाही, सलग वाजतच राहिला. बापूंचं कोपर त्याच्यावर रुतून बसलं होतं. "हात काढा!" ते ओरडले. "मास्तर, हात काढा त्येच्यावरनं!"

मी हात काढला. सुमनताई पिठाच्या हातांनी धावत आल्या आणि दारातच थांबल्या. बापूंच्या कपाळावर घाम आला होता.

"आडवं व्हा," ते म्हणाले.

मी आडवा झालो. सरका म्हणून त्यांनी सांगितलं नाही. मीही सरकलो नाही.

"दवाखान्यातनं घरी आलो तवा मालन ह्या खाटंवर झोपायची," बापू म्हणाले.

मालन म्हणजे त्यांची बायको. आम्ही गल्लीत यायच्या आधीच ती गेली, एवढंच मी ऐकून होतो. बापूंच्या तोंडून तिचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

"मान वळंना. तिचा आवाज ऐकू यायचा, तोंड दिसायचं न्हाय. उठून वर वाकली की दिसायची, म्हंजे तिच्या बी नाकपुड्याच. पंधरा दिवस काढलं मी तसं. मग गाडीचा आरसा काढून वर लावाय लावला. कंप्युटर-बिंप्युटर सगळं मागनं, मास्तर. पयला आरसा."

सुमनताई चौकटीला टेकल्या.

"ती उशाला गजराचं घड्याळ आन् पावडरीचा डबा ठेवायची. दोन-दोन तासाला गजर. उठायची, माझी कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, परत झोपायची. आठ वर्षं. पाठीला एक फोड आला न्हाय. त्या घड्याळापायी तिची उशी चार बोटं खाली असायची. आरसा तिच्या मापाचा हाय."

मी छताकडे बघत राहिलो.

"ती गेल्यावर सुमननं घड्याळ आत न्हेलं. मग आरशात दिवसभर मोकळी गादी. मान फिरवायची सोय न्हाय, डोळं मिटलं तर काम व्हईना. म्हणून म्हटलं, जो यील त्येला आडवा करायचा. कुणाचं बी असंना, त्या जाग्यावर तोंड दिसलं म्हंजे झालं. नाकपुड्यांचं बी खरं हाय, मास्तर. पर ते निम्मं."

"मला कवा बोलला न्हाईस," सुमनताई म्हणाल्या.

"तू कवा आडवी झालीस?" बापू म्हणाले.

सुमनताईंनी पिठाच्या हातानंच डोळे पुसले आणि आत गेल्या. मला माझी लाज वाटली. खरं सांगतो, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. अडीच वर्षं मी त्या बाईच्या जागेवर झोपून आरशाला नावं ठेवत होतो.

पण लाज वाटली की मला गप्प बसवत नाही. मी टेप काढली. "नवी खाट किती रुंद आहे म्हणाले?"

"सा इंच जास्त. पाच इंच उंच."

"मग ही खाट सहा इंच अरुंद करा," मी म्हणालो. "तेवढ्याच जागेत दोन्ही बसतात. सुमनताईंची वाट तेवढीच राहते. तुमची उशी मध्यापासून तीन इंच सरकते, वहिनींची पण त्याच बाजूला तीन इंच सरकते. दोघांमधलं अंतर जसंच्या तसं. आरसा पण तीन इंच सरकवा. या खाटेच्या पायांना पाच इंचांचे तुकडे जोडा आणि आरसाही पाच इंच वर घ्या. तिन्ही बिंदू एकाच दिशेनं, एकाच मापानं हलले की त्रिकोण तोच राहतो, बापू. कोनाला धक्का लागत नाही."

बापूंचा अंगठा गोळ्यावर गेला. पडद्यावर रेघा उमटायला लागल्या. दोन खाटा, दोन उशा, वर एक टिंब. मी श्वास धरून पडलो होतो. दहावीच्या निकालाला माझ्या पोरांची काय अवस्था होत असेल ते तेव्हा कळलं. त्यांनी माप टाकलं, पुसलं, पुन्हा टाकलं.

"मास्तर," शेवटी म्हणाले, "तुमचा त्रिकोण बरोबर हाय."

चाळीस वर्षांत इन्स्पेक्टरनंसुद्धा एवढं चांगलं कधी म्हटलं नव्हतं.

उज्ज्वलाला फोन मी केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलं, खरंच गिऱ्हाइकांसाठी म्हणतायत. आई गेल्यापासून बाबांनी तिचं नाव काढलं नाही हो काका. मला वाटलं, सावरले."

रविवारी इस्माईल मिस्त्री आले. अंगणात खाट उलटी केली, रुंदीच्या नळ्या कापल्या, पुन्हा जोडल्या, पायांना तुकडे लावले. आत बापू दाराच्या आरशातून बघत ओरडत होते, "लांबीला हात लावू नको रं! सूतभर बी न्हाय!" इस्माईल मिस्त्री तिकडून, "व्हय रं बाबा, व्हय! आठ येळा सांगितलाईस!" गल्ली जमली. हिराबाईनं कापलेली खाट बघून काळजीनं विचारलं, "आता मी मावंन न्हवं त्यात?" सोमवारी नवी खाट आली, बापूंना चौघांनी उचलून तिच्यावर घेतलं, आणि हवेची गादी सूं सूं करायला लागली. बापू दोन तास कुरकुरले. तिसऱ्या तासाला त्यांनी मोटारीचं बटण एवढ्या वेळा दाबलं, की सुमनताईंना ताटली आपटावी लागली.

मंगळवारी दुपारी मी गेलो. चप्पल सरळ काढली. खाट आता अरुंद झाली होती, आडवं होताना जरा जपूनच झालो. आणि सवयीनं चार बोटं खाली सरकायला लागलो, तर सरकावं लागेना. उशीच खाली होती. डोक्याशी काहीतरी टिकटिकत होतं. हात मागे नेऊन चाचपलं, तर गजराचं घड्याळ. त्याच्या शेजारी पावडरीचा डबा.

"कपाटात जागा न्हवती," आतून सुमनताई ओरडल्या. कुणी काही विचारलं नव्हतं.

मी वर बघितलं. आरशात बापूंचा चेहरा होता, पुरा, मधोमध. ते ‘सरका’ म्हणायला तोंड उघडून तसेच थांबले होते. या वेळी मीच विचारलं, "आलं का तोंड?"

बापूंचे डोळे भरून आले होते, आणि पुसायला त्यांचा हात तिथवर पोचत नाही. मी उठायला लागलो तर कोपरानं एक भोंगा वाजवून त्यांनी मला परत झोपवलं.

"आलं," ते म्हणाले. मग नाक ओढून, "पर मास्तर, मिशी तेवढी काढा की."

मिशी काही मी काढली नाही. पण त्या दुपारी क्लासला फोन करून सांगितलं, आज येत नाही, आणि चहाच्या वेळेपर्यंत तिथेच पडून राहिलो.